साठ जणांची वही

उधाणाचं पाणी आवाज करत नाही. अमावास्या-पुनवेच्या सुमाराला आमच्या गडब गावाच्या पश्चिमेचा खारपाट भरायला लागतो तेव्हा बांधावर उभं राहिलं तरी काही ऐकू येत नाही. पाणी उघाडीच्या फळीखालून आत शिरतं, खेकड्यांनी पोखरलेल्या भोकांतून पाझरतं, आणि एखाद्या ठिकाणी बांध खचला असेल तर तिथून निवांत शेतात येऊन बसतं. काय झालं ते ओहोटीनंतर कळतं. चिखलावरच्या रेघा, अडकलेलं गवत, कुणाच्या तरी होडीचा तुटलेला दोर, खाऱ्यानं करपलेली रोपं. आमच्याकडची जुनी माणसं त्या खुणा बघून पाणी कुठून आलं, किती वेळ थांबलं आणि कुठून परतलं ते सांगतात. अंबा नदी जिथे रुंद होत होत धरमतरची खाडी होते, त्या पट्ट्यात शेती करायची तर हे वाचन यावंच लागतं.

मागे उरलेल्या खुणांवरून घडून गेलेलं ओळखायचं, एवढंच ज्याचं सगळं भांडवल आहे असा एक व्हिडिओ गेम गेल्या पावसाळ्यात माझ्या हाती आला. ‘रिटर्न ऑफ द ओब्रा डिन’ हे त्याचं नाव. भाचा सुट्टीला गडबला आला होता, त्यानं लॅपटॉप माझ्यापुढे सरकवला आणि म्हणाला, “आत्या, यात कुणाला मारायचं नाही. सगळे आधीच मेलेत.” लुकास पोप या एकट्या माणसानं तो घडवला, अगदी संगीतासकट, आणि 2018 च्या ऑक्टोबरात तो बाहेर आला. त्याआधी 2013 मध्ये ‘पेपर्स, प्लीज’ या गेममध्ये त्यानं खेळणाऱ्याला सरहद्दीवरच्या चौकीत कागदपत्रं तपासायला बसवलं होतं. कारकुनी कामातलं नाट्य ओळखणारा हा माणूस आहे. इथेही खेळणारा शूर वीर नाही. तो ईस्ट इंडिया कंपनीचा विमा-निरीक्षक आहे.

साल 1807. काही वर्षं बेपत्ता असलेलं ‘ओब्रा डिन’ नावाचं व्यापारी जहाज इंग्लंडच्या फाल्मथ बंदराजवळ अवचित येऊन उभं राहतं. शिडं फाटलेली, डेकवर जिवंत कुणी नाही. निरीक्षकाकडे दोन वस्तू असतात: एक वही आणि एक खिशातलं घड्याळ. वहीत जहाजावरच्या साठ जणांची यादी आहे, त्यांची कामं आणि मुलूख आहेत, आणि प्रवासात कुणीतरी काढलेली चित्रं आहेत. घड्याळ प्रेताजवळ उघडलं की त्या माणसाचा मरणक्षण समोर येतो. आधी काळोखात फक्त आवाज: पावलं, कुणीतरी ओरडलेलं एखादं वाक्य, लाकूड मोडल्याचा कडकडाट. मग दृश्य, पण गोठलेलं. गोळी नळीतून बाहेर पडलेली, थेंब हवेत थांबलेले, कुणाचा हात अर्ध्यावर. आपण त्या थांबलेल्या क्षणात हवं तितकं फिरायचं, वाकून बघायचं, मागच्या खोलीत कोण झोपलंय तेही बघायचं. आणि वहीत तीन गोष्टी भरायच्या: हा कोण, कसा मेला, कुणामुळे मेला.

हे तीन रकाने भरायला सोपे नाहीत. मरताना माणसं एकमेकांना नावानं हाक मारतीलच असं नाही. मग बाकीच्या खुणा कामाला येतात. एका दृश्यात खलाशी झोळ्यांत झोपलेले आहेत; झोळ्यांना नंबर आहेत, आणि तेच नंबर यादीत नावांपुढे आहेत. चेहरे दिसत नाहीत, पण पांघरुणातून पाय बाहेर आलेले असतात, पायांत जोडे असतात. दुसऱ्याच एका दृश्यात, वेगळ्याच माणसाच्या मरणाच्या वेळी, कोपऱ्यात तेच जोडे घातलेला एक जण दोरावर चढताना दिसतो. त्याला तेव्हा नाव मिळतं. कुणी कुणाच्या शेजारी जेवायला बसतो, कुणाच्या अंगावर गोंदण आहे, कुणाला अधिकाऱ्यांच्या खोलीत जायची मुभा आहे, अशा बारक्यासारक्या गोष्टींतून माणूस उभा राहतो. वहीतले चेहरे सुरुवातीला धूसर असतात. ओळख पटवण्याजोगा पुरावा आपल्या नजरेखालून गेला की तो चेहरा स्पष्ट होतो. म्हणजे गेम सांगतो: तू हे पाहिलं आहेस, आता आठव.

मला या गेमचं सर्वांत मोठं बळ इथे दिसतं. बहुतेक रहस्यकथांत प्रेत हे कथेला सुरुवात करून देण्यापुरतं असतं. एकदा ते सापडलं की सगळी नजर खुन्याकडे वळते. मेलेला माणूस पुढच्या प्रकरणात विस्मरणात जातो. बाबूराव अर्नाळकरांच्या ‘झुंझार’ आणि ‘काळापहाड’ मालिका आमच्या घरात पिढ्यान्‌पिढ्या फाटेपर्यंत वाचल्या गेल्या, आणि त्यांच्या वेगावर माझं अजून प्रेम आहे, पण त्यातल्या मृतांपैकी एकाचंही नाव आज मला सांगता येणार नाही. ओब्रा डिनमध्ये उलट आहे. इथे मेलेल्याकडे पुन्हा पुन्हा जावं लागतं. सुतार, खानसामा, तोफखान्याचा माणूस, कप्तानाची बायको, सगळ्यांना सारखाच वेळ द्यावा लागतो, कारण साठातला एकही चेहरा बिननावाचा राहिला तर वही अपुरी राहते. कुठल्याही खेळानं माणसाकडे इतकं निरखून बघायला मला याआधी लावलं नव्हतं. सिनेमानंही क्वचितच.

चित्रांची पद्धतही त्याला साजेशी आहे. सगळा गेम दोनच रंगांत आहे, काळा आणि पांढरा. करडा रंग हवा असेल तिथे ठिपके दाट-विरळ केलेले. सुरुवातीच्या मॅकिंटॉश संगणकांचे पडदे असेच असत, आणि पोपनं ते मुद्दाम निवडलं. जवळून पाहिलं तर नुसते ठिपके. जरा मागे सरकलं की ठिपक्यांच्या रांगोळीत मोर दिसावा तसा चेहरा दिसतो. रक्त लाल नसल्यामुळे किळस येत नाही आणि नजर हटत नाही. इतक्या हिंसेकडे इतका वेळ बघणं रंगीत चित्रात अशक्य झालं असतं.

मात्र तेच ठिपके मोठ्या पडद्यावर हलायला लागले की डोळे शिणतात. गेमचं खरं ओझं चालण्याचं आहे. एखाद्या मरणाचं दृश्य पुन्हा पाहायचं असेल तर वहीतून थेट तिथे जाता येत नाही; जहाजावरून चालत, जिने उतरत त्या प्रेतापाशी जावं लागतं. पहिल्यांदा दृश्य उघडलं की संगीत संपेपर्यंत वहीत लिहिता येत नाही, आणि पुढचं प्रेत सापडलं की आधीच्या दृश्यातून खेचून बाहेर काढलं जातं. मला हे अर्धं आवडतं. गेमनं आपला हात धरून ‘थांब, बघ’ म्हणण्यात आदर आहे. पण मध्यानंतर, जेव्हा डोक्यात सहा-सात धागे लोंबत असतात आणि त्यातला एक पडताळायला तिसऱ्या मजल्यावरून पुन्हा तळघरात जायचं असतं, तेव्हा तो आदर नुसता अडथळा होतो.

दुसरी खोट जास्त महत्त्वाची आहे. तीन जणांची माहिती बरोबर जुळली की गेम तेवढी पानं पक्की करतो. हातानं लिहिलेली अक्षरं छापील होतात. ही युक्ती सुंदर आहे, कारण एकेक उत्तर तपासून पाहता येत नाही. पण शेवटी शेवटी चार-पाच खलाशीच उरतात, तेव्हा दोन नावं पक्की धरायची आणि तिसऱ्या जागी एकेक नाव घालून बघायचं, हा मार्ग मोकळा राहतो. निरीक्षण संपतं, अदलाबदल सुरू होते. गेमला हे माहीत असावं. त्यानं तरीही ती फट ठेवली आहे.

आणि एकदा उलगडा झाला की झाला. पुन्हा खेळायला काही उरत नाही, कारण जे कळलं ते विसरता येत नाही. याला मी उणीव मानत नाही. सगळ्याच गोष्टी पुन्हा पुन्हा करण्यासाठी नसतात.

मधल्या काही प्रकरणांत समुद्रातले राक्षसी प्राणी जहाजावर चालून येतात, आणि शुद्ध तर्काची चाहती माणसं तिथे नाराज होतात. माणसानं केलेल्या गुन्ह्याचं कोडं असावं, त्यात अद्भुत कशाला, असं त्यांचं म्हणणं. मला ते पटत नाही. तर्क तिथेही सुटत नाही; तर्काला फक्त नवी सामग्री मिळते. समुद्र माणसाच्या हिशेबात बसत नाही हे खाडीकाठच्या माणसाला कुणी समजावून सांगावं लागत नाही.

मी अडखळले ती जागा वेगळीच आहे. यादीत चार नावांपुढे ‘हिंदुस्थान’ असं मुलूख म्हणून लिहिलं आहे. अब्राहम अकबर, विल्यम वासिम, रेन्फ्रेड राजुब, सोलोमन सय्यद. चौघेही साधे खलाशी. आपल्या कोकणपट्टीवरच्या कुठल्याही मोहल्ल्यात किंवा कोळीवाड्यात ही नावं घेतली तर कुणी ओळखीनं मान हलवणार नाही. नाव इंग्रजी, आडनाव जमेल तसं. पण इतिहासात हे अगदीच अशक्य नाही. त्या काळच्या जहाजांच्या वह्यांत हिंदी खलाशांची नावं कारकुनाच्या कानाला जशी लागली तशी उतरलेली असत. त्या शतकात आणि पुढच्याही शतकात मुंबईहून सुटणाऱ्या जहाजांवरचा मोठा भरणा कोकणातला होता. रत्नागिरी आणि कुलाब्याचे दर्यावर्दी मुसलमान, कोळी, खारवी. सारंग आपल्याच गावातली माणसं गोळा करी, त्याच्या हाताखाली टंडेल, सुकाण्यापाशी सुकाणी, आणि त्याखाली खलाशांची रांग. इंग्रज त्या सगळ्यांना मिळून लास्कर म्हणत. नेपोलियनशी चाललेल्या लढायांत इंग्लंडच्या आरमारानं गोरे खलाशी ओढून घेतले, की पूर्वेकडून परतणारी जहाजं या लोकांच्या जिवावर चालत. लंडनला पोचल्यावर मात्र त्यांना परत नेणारं जहाज लगेच मिळेच असं नाही. पूर्व लंडनच्या गलिच्छ खोल्यांत हिवाळा काढताना कितीतरी जण मेले. त्यावरून इतका बोभाटा झाला की 1814 मध्ये पार्लमेंटला कायदा करून त्यांच्या अन्नवस्त्राची आणि निवाऱ्याची जबाबदारी कंपनीवर टाकावी लागली.

ओब्रा डिन इंग्लंडहून पूर्वेकडे निघालं होतं. म्हणजे हे चौघे परमुलखात चालले नव्हते. ते घरी निघाले होते. गेम हे कुठेही सांगत नाही. जहाजाची दिशा आणि यादीतला मुलूख एकत्र ठेवले की आपोआप दिसतं. त्यातले सय्यद आणि राजुब प्रवासाच्या सुरुवातीच्याच थंडीत छातीच्या आजारानं जातात. त्यांच्या मरणात कुठलंही कारस्थान नाही, तलवार नाही, राक्षस नाही. दोन माणसं आजारी पडून मरतात, बस. रहस्यकथेच्या हिशेबात ही सर्वांत बिनमहत्त्वाची मरणं, पण संपूर्ण वहीत सर्वांत खरी तीच आहेत. पोपनं ती ठेवली याबद्दल मला त्याचे आभार मानावेसे वाटतात.

तरीही, आयरिश किंवा स्कॉटिश खलाशाला त्याच्या बोलण्याच्या ढंगावरून ओळखायची मुभा गेम देतो. आयरिश कुठला, वेल्श कुठला हे आमच्या कानाला उमगायला जड जातं, पण इंग्रजी कानाला तो मोठा आधार आहे. मी आगरी, कोळी आणि मालवणी बोलणाऱ्याला एका वाक्यात ओळखते. हे चौघे आपापसांत एक वाक्य तरी आपल्या बोलीत बोलले असते, एकानं दुसऱ्याला गावाचं नाव विचारलं असतं, तर कोकणातल्या खेळणाऱ्याला इंग्लंडमधल्या खेळणाऱ्यापेक्षा आधी उत्तर सापडलं असतं. तसं होत नाही. यादी कंपनीची, नजर कंपनीची, आणि निरीक्षक जितका बारकाईनं बघतो तितकाच कंपनीच्या वहीतल्या रकान्यांत अडकलेला राहतो. शेवटी तर प्रत्येकाच्या वारसांना किती भरपाई द्यायची, बंडखोरांच्या मालमत्तेतून किती दंड वसूल करायचा, याचा हिशेब येतो. इतकं जिवंत करून दाखवलेल्या माणसांपुढे पौंडांचे आकडे पाहताना पोटात खड्डा पडतो. ती चपराक पोपनं हेतूनं मारली आहे, अशी माझी खात्री आहे.

गडबला बसून हा गेम खेळणाऱ्याच्या मनात दुसरी एक बोट येतेच. ‘रामदास’. 17 जुलै 1947, आषाढ अमावास्येच्या तोंडावरचा दिवस. सकाळी भाऊच्या धक्क्यावरून ती रेवसला निघाली. गटारीला गावी जाणारी गिरगाव-परळ-लालबागची माणसं, बाजार करून परतणाऱ्या बायका, काही गोरे अधिकारी, हॉटेलचे पोरे. काशाच्या खडकाजवळ समुद्र खवळला, एक मोठी लाट बोटीच्या अंगावर आली, घाबरलेली माणसं एका बाजूला धावली आणि बोट कलंडली. सहाशेहून अधिक माणसं गेली. रेवसचे कोळी मासळी घेऊन मुंबईकडे निघाले होते. त्यांनी मासळी टाकून माणसं होड्यांत ओढून घेतली. महिन्याभरानं स्वातंत्र्य आलं आणि देशाच्या आठवणीतून ही बोट बाजूला सरकली. अलिबाग, पोयनाड, पेण, मांडवा या टापूतल्या घरांतून ती सरकली नाही. आमच्याकडे ‘रामदासच्या वेळी’ असं म्हणून काळ मोजणारी म्हातारी माणसं होती, अगदी परवापरवापर्यंत.

ओब्रा डिनच्या वहीत साठ नावं होती आणि चेहरे शोधायचे होते. रामदासच्या बाबतीत उलटं आहे. फेरीबोटीच्या तिकिटावर नाव नसतं. कडेवरच्या पोराचं, गर्दीत न विचारता चढलेल्याचं तर तिकीटही नसतं. पुढे कितीतरी दिवस किनाऱ्याला प्रेतं लागत राहिली, आणि ती ओळखणं हेच त्या घरांपुढचं काम होतं: लुगड्याचा काठ, बांगडी, कानातली कुडी, करगोटा. विम्याच्या निरीक्षकानं नव्हे, बहिणींनी आणि मुलग्यांनी चिखलात उभं राहून केलेलं ते ओळखणं. ज्यांचं कुणी आलं नाही, त्यांचं काय झालं हे ज्यानं त्यानं मनात समजावं.

असा गेम आपल्याकडे व्हावा, असं मला मनापासून वाटतं. कौशल्य आहे. पुण्याच्या नॉडिंग हेड्स गेम्सनं 2020 मध्ये ‘राजी’ केला. राक्षसांनी पळवलेल्या धाकट्या गोलूला शोधणारी बहीण, पहाडी चित्रशैलीतल्या भिंती, छायाबाहुल्यांतून सांगितलेल्या पुराणकथा. त्या हवेल्यांमधून चालताना जी नजर सुखावते तिला तोड नाही. लढाया मात्र त्याच त्या वाटतात, आणि कथा अशा ठिकाणी संपते जिथे ती खरं तर सुरू व्हायला हवी होती. पण चित्र, प्रकाश, वास्तू यांची जाण असलेली माणसं इथे आहेत हे त्यानं सिद्ध केलं. त्यांनी पुराणातून खाडीवर यावं.

‘रामदास’ करायचा तर ओब्रा डिनचा आराखडा जसाच्या तसा उचलून चालणार नाही. तिथला दुसरा रकाना, माणूस कसा मेला, इथे निरुपयोगी आहे. सगळ्यांपुढे एकच शब्द येईल. तिसरा रकाना, कुणामुळे, तो बोट कंपनीकडे, हवामानाकडे, पावसाळ्यात बोटी सोडण्याच्या रिवाजाकडे जाईल आणि कोर्टातल्या खटल्यासारखा कोरडा होईल. उरतो पहिला रकाना. हा कोण? सगळा गेम तेवढ्यावर उभा राहू शकतो. बोट कलंडायच्या आधीची ती पहिली तासाभराची फेरी, गोठवलेली. आपण बाकांमधून फिरायचं. कुणाच्या पाटीत सुकी मासळी नाही म्हणजे ती कोळीण बाजार आटपून परत चालली आहे. कुणाच्या खिशात गिरणीचा बिल्ला आहे. कुणाच्या पिशवीत नव्या फ्रॉकचं कापड आहे, म्हणजे घरी मुलगी आहे. दोघे जण शेजारी बसलेत पण बोलत नाहीत, तर मग पातळाची घडी एकाच दुकानातली कशी? एकेकाचं गाव कळत जाईल: हा झिराडचा, ही थळची, हे म्हातारं जोडपं रेवसला उतरून पुढे बैलगाडीनं पोयनाडला जाणार. नाव मात्र गेमला ठाऊक नसेल. ते गावातल्या घरांतून विचारून आणावं लागेल, आणि ज्या घरांनी सांगायला नकार दिला त्यांच्या माणसांचे चेहरे धूसरच ठेवावे लागतील.

संवाद आगरी-कोळीत हवेत, जसे त्या बोटीवर होते तसे. खाली इंग्रजी ओळी दिल्या तरी चालतील. कुणाच्या बोलण्यावरून कोण कुठला हे ओळखायला लंडनच्या खेळणाऱ्याला थोडे कष्ट पडले तर पडू देत.